चावलेला हिरडा, वाटलेला हिरडा

रत्नागिरी,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. सौ. ताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. जावईबापूंच्या आम्लपित्ताची हकीकत आणि त्यावर इष्टमित्रांनी सुचविलेल्या चूर्णांची, अर्कांची व काढ्यांची तू जोडलेली यादी, ही दोन्ही मी सावकाश वाचली. यादीत द्रव्ये पुष्कळ आहेत. परंतु कोणते द्रव्य किती, कोणत्या वेळी आणि पोटाच्या कोणत्या अवस्थेत घ्यावयाचे, हा जो सर्वांत अगत्याचा रकाना, तोच कोरा राहिला आहे. आयुष्यभर कचेरीत कागद तपासले असल्यामुळे माझी नजर प्रथम रिकाम्या रकान्याकडेच जाते, आणि म्हणूनच हे पत्र थोडे लांबणार आहे.

तुझ्या यादीत अग्रस्थानी हिरडा आहे, तर त्याच्यापासूनच प्रारंभ करू. सह्याद्रीच्या माथ्यावर, जुन्नर-आंबेगावच्या रानांत, महादेव कोळी लोक जो गोळा करतात तो बाळहिरडा, म्हणजे आत आठोळी धरण्यापूर्वीच उतरलेले व वाळून काळे झालेले कोवळे फळ. आणि तेच फळ झाडावर पुरते भरले की तो सुरवारी हिरडा. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त या एका फळाच्या चार वृत्ती नमूद करून ठेवल्या आहेत: चावून खाल्ला तर तो अग्नी वाढवितो, वाटून घेतला तर कोठा साफ करतो, वाफवून घेतला तर उलट मळ बांधून धरतो, आणि भाजून घेतला तर तिन्ही दोषांचे शमन करतो. शिवाय त्याच्या सोबतीलाही ऋतूचा कायदा आहे. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. आता तूच सांग, ‘पोटासाठी हिरडा घ्यावा’ एवढ्याच वाक्याने काय बोध व्हावा? मापावाचून आणि संस्कारावाचून सांगितलेले औषध म्हणजे चतुःसीमा न लिहिलेले खरेदीखत. जमीन आहे खरी, पण ती कोठून कोठवर आपली, हे कोणालाच सांगता येत नाही.

हिरडा काही एकटा अपवाद नव्हे. बेलफळ कच्चे असताना वाळवून दिले तर आव व अतिसार आवरते, आणि तेच पिकले की त्याचा गर कोठा ढिला करतो. म्हणून मुरांबा घालण्यास आपल्याकडील जाणत्या बायका अर्धकच्चे फळ काढवून घेत असत. केळ्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. सन्याल यांनी १९६० नंतरच्या दशकात कच्च्या केळ्याच्या पिठाचा जठरव्रणावर होणारा परिणाम प्राण्यांवर पडताळून पाहिला. पुढे १९८४ साली इंग्लंडातील संशोधकांनी तोच धागा धरला, तेव्हा वाळविलेल्या कच्च्या केळ्यात असलेला संरक्षक गुण पिकलेल्या केळ्यात आढळेना. आपल्या कोकणी घरांत भाजीचे केळे आणि खाण्याचे केळे यांची वहिवाट निराळी का, याची निदान एक बाजू त्यातून उघड होते.

आता जावईबापूंच्या दुखण्याकडे येतो. माधवनिदानात आम्लपित्ताची कारणे सांगताना परस्परविरुद्ध, बिघडलेले, आंबट आणि विदाही अन्न हीच पुढे केली आहेत. आणि तू मात्र त्यांना दोन्ही वेळच्या जेवणाआधी हिंगाष्टक देत आहेस! हिंग, सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे व सैंधव ही त्याची आठ अंगे. तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घ्यावयाचे हे चूर्ण अग्नी मंदावला असेल, पोट फुगून वायू अडला असेल, तेथे अप्रतिम काम देते. परंतु ज्याच्या छातीशी आधीच जळजळ उठत आहे, त्याच्या जठरात सुंठ, मिरे आणि पिंपळी उतरविणे म्हणजे फिर्यादीलाच शिक्षा ठोठावण्यापैकी आहे. त्यांस आवळा द्यावा, सकाळी मोरावळ्याची फोड द्यावी, धने-जिरे रात्री भिजवून ते पाणी गाळून द्यावे, साळीच्या लाह्यांचे पाणी, जुन्या तांदळाचा मऊ भात, पडवळ, दुधी आणि कोहळा यांवर काही दिवस ठेवावे. सोलकढीविषयी तू विचारले आहेस. आमसुलाचा मला अभिमान आहे, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की त्याचे पाणी चोळण्याची रीत मी आजही मोडीत काढणार नाही. पण ते शेवटी आंबट फळ आहे, म्हणून जळजळ असता रिकाम्या पोटी ते घेऊ नये. भरल्या जेवणाच्या अखेरीस नारळाच्या रसात उतरलेले असले, तर गोष्ट वेगळी.

ताकाची तर स्वतंत्र दफ्तरे आहेत. लोक दह्यात पाणी ओतून घुसळतात आणि त्यास ताक म्हणतात. शास्त्राने मात्र पाण्याच्या प्रमाणावरून त्याचे घोल, मथित, तक्र, उदश्वित् आणि छच्छिका असे पाच प्रकार केले असून चतुर्थांश पाण्याचे ते तक्र, निम्म्या पाण्याचे ते उदश्वित्. चरकाने मूळव्याध व ग्रहणी या दोन्ही अध्यायांत तक्राची जी तरफदारी केली आहे, ती वाचून दह्याला हेवा वाटावा. पण दिवसा ताजे, लोणी काढलेले, जिरे-सैंधव लावलेले ताक वेगळे, आणि रात्री दहाला शीतकपाटातून काढलेले आंबट दही वेगळे. दुसरे तुझ्या घरात आणूच नये, असे मी मामा या अधिकाराने बजावतो.

तुझ्या यादीतील कुड्याविषयी चार शब्द लिहितो, कारण येथे फसवणुकीला जागा आहे. आवेवर कुड्याच्या पाळाचा, म्हणजे सालीचा, काढा कोकणात पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, आणि त्या सालीतील कोनेसीन नावाचे अल्कलॉइड आवेच्या अमीबांवर मारक आहे, हे पुढे प्रयोगशाळेतही रुजू झाले. परंतु ही मातब्बरी पांढऱ्या कुड्याची. काळा कुडा हा निराळा वृक्ष असून त्याची साल बाजारात बिनदिक्कत त्याच नावाने खपते. पारख जिभेवर आहे. पांढऱ्या कुड्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोडे. सालही जी तोंड वाकडे करायला लावील तीच खरी.

ज्येष्ठमधाच्या कांड्या तुझ्या यादीत ‘निरुपद्रवी’ या शेऱ्यासह आहेत. तो शेरा खोडून टाक. हॉलंडमधील डॉ. रेव्हर्स यांनी १९४६ साली जठरव्रणावर ज्येष्ठमधाच्या घन रसाचा उपयोग प्रसिद्ध केला खरा, पण त्यांच्याच काही रोग्यांच्या अंगावर सूज आली. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन शरीरात मीठपाणी धरून ठेवते, रक्तदाब चढविते आणि पोटॅशियम घटविते. खोकल्याला एखादी कांडी चघळणे वेगळे, आणि महिनोन्महिने चमच्याने चूर्ण घेणे वेगळे. रक्तदाबाच्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

बाळघुटीबद्दल तुझ्या सासूबाईंचा आणि डॉक्टरांचा जो वाद पडला आहे, त्यात मी डॉक्टरांच्या बाजूचा. सहाणेवर मुरडशेंगेचे, वेखंडाचे, जायफळाचे ठरावीक वेढेच द्यावयाचे, एकही अधिक नाही, ही जुन्या बायकांची शिस्त मला पूज्य आहे, आणि मात्रेचे इतके सूक्ष्म भान आजच्या चूर्णाच्या डबीवर मला दिसत नाही. तथापि पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा आरोग्यशास्त्राचा आजचा निर्णय मान्य करावा.

राहिली एक गोष्ट. जठरव्रणाचा सारा दोष तिखटावर आणि चिंतेवर लादण्याची जी आपली सवय, तिला पर्थच्या वॉरन आणि मार्शल या दोघा डॉक्टरांनी १९८२ पासून मोठाच सुरुंग लावला. व्रण असलेल्या जठरांत त्यांना वळणदार जंतू सापडले, आणि कोणी विश्वास ठेवीना म्हणून १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे द्रावण स्वतःच प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते यासाठी. असा जंतू निघाला तर प्रतिजैविकेच हवीत, मोरावळ्याने त्याचा बंदोबस्त होणार नाही. तेव्हा जळजळ पथ्याने हटत नसेल, वजन उतरत असेल, घास अडकत असेल, किंवा मळ डांबरासारखा काळा होत असेल, तर माझ्या पत्राची वाट न पाहता त्यांना पोटाच्या तज्ज्ञाकडे घेऊन जा.

तूर्त रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास उरकण्याची तजवीज कर, हिंगाष्टक बंद कर, आणि पुढील पत्री भूक व झोप यांचा तपशील लिही. पार्सलाने मोरावळ्याची बरणी आणि शेरभर जुने तांदूळ धाडले आहेत. बरणीचे झाकण नीट पाहून घे, टपालवाल्यांचा मला भरवसा नाही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा