खालचा दोरा

आमच्या घरच्या शिवणाच्या मशीनवरचे मला एकच काम येते, आणि तेही मशीन शिवत नसताना करायचे. मला बॉबिन भरता येते.

आई शिवायची. धाकटी बहीण तिच्या हाताखाली शिकली. लग्न होऊन घरात आलेली आमची ही तर शिवणकामाची परीक्षा देऊन, सर्टिफिकिटासकट आली. वडिलांना बटणे लावता येत; निदान येतात असे ते म्हणत, सिद्ध करायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. मी वयाच्या आठव्या वर्षी बॉबिन भरायला लागलो. आता सत्तरी उलटली. मधल्या काळात या खात्यात मला ना बढती मिळाली, ना बदली.

ज्यांचे कपडे दुकानातून टाचण्या टोचलेलेच घरी येतात, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मशीनच्या शिवणीत दोरे दोन असतात. वरचा रिळावरून सुईत येतो, खालचा बॉबिनवरून. कापडाच्या पोटात दोघे एकमेकांना अडकतात आणि टाका पक्का होतो. एकाच दोऱ्यावर शिवण चालते, नाही असे नाही. तांदळाच्या गोणीचे तोंड आठवा. नेमके टोक ओढले की सबंध शिवण सर्रकन उसवते. (आणि नेमके टोक कोणते हे वाण्याला एका क्षणात कळते, आपण मात्र शेवटी विळी आणतो.) दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली घेतले. खालचा दोरा न्यायला त्याने विणकराच्या मागावरच्या धोट्याचे धाकटे भावंड बसवले. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचे पेटंट घेतले. दोघे कोर्टात भांडले, हाऊ जिंकला आणि नाव मात्र सिंगरचे झाले. खालच्या दोऱ्याचे नशीब हे असे अगदी पहिल्यापासून.

आमचे मशीन सिंगरचेच. १९६१ साली आईने ते ग्रँट रोडच्या एका पारशी बाईंकडून नव्वद रुपयांना घेतले, तीन हप्त्यांत. लोखंडी पाय लोकलच्या लगेजच्या डब्यातून कांदिवलीला आले आणि मशीनचे डोके वडिलांच्या मांडीवर बसून आले. स्टेशनपासून डहाणूकरवाडीतल्या आमच्या चाळीपर्यंत हातगाडीने वरात निघाली. मशीनच्या अंगावरचा नंबर इंग्रजी 'वाय' या अक्षराने सुरू होतो. अशा नंबरांची मशीने स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२२ ते १९३५ च्या दरम्यान झाली, हे मला फार उशिरा कळले. तो कारखाना १९८० साली बंद पडला, पण त्या गावच्या एका रेल्वे स्टेशनाचे नाव अजून 'सिंगर' आहे. आईला हे सांगायचे राहिले. ती म्हणाली असती, "मग तिथे गाडी तरी वेळेवर येते का?"

या मशीनची बॉबिन हल्लीच्यासारखी गोल चकती नव्हे. ती बोटाएवढी लांब काडी असते, दोन टोकांना दोन टोप्या. ती बसते होडीसारख्या शटलात आणि ती होडी कापडाखाली झोके घेत फिरते. काडी भरायची पद्धत अशी. चाकाच्या मध्यावरची चकती सैल करायची, म्हणजे चाक फिरले तरी सुई हलत नाही. मग बाजूची भरणी खाली दाबायची, म्हणजे तिची रबरी कडी चाकाला टेकते. चाकाला हाताने आपल्याकडे एक गिरकी द्यायची आणि पायडलवर पाय धरायचे. यातला प्रत्येक शब्द सोपा आहे. फक्त पायांना मराठी येत नाही. चाक आपल्याकडे फिरवावे तर पाय ते पलीकडे फिरवतात, भरलेला दोरा भसाभस उलगडतो आणि रीळ जमिनीवरून थेट कॉटखाली जाते. कॉटखालचा माझा भूगोल त्या वर्षी पक्का झाला.

पुढे मी एका कचेरीत छत्तीस वर्षे नोकरी केली. चाक गरगर फिरते आहे, पट्टा धावतो आहे, खडखडाट मजल्यावर ऐकू जातो आहे आणि सुई मात्र जागची हलत नाही, हे दृश्य मला तिथे नवीन नव्हते.

भरणीवरची सगळ्यांत सुंदर वस्तू म्हणजे तिच्यातली बदामाची चकती. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. ती सावकाश फिरते आणि तिच्या कडेवर टेकलेले बोट दोऱ्याला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेते. नुसती गोल चकती एका बाजूला खिळवून बसवली असती, तर ते बोट दोन्ही टोकांना रेंगाळले असते आणि दोरा टोकांशी साचला असता. बदामामुळे ते सारख्या वेगाने जाते-येते, म्हणून काडी सगळीकडे सारखी भरते. आठव्या वर्षी मला एवढे ज्ञान नव्हते. पहिल्याच दिवशी मी दोरा त्या बोटात घालायचा विसरलो. सगळा खाकी दोरा एका टोकाशी गोळा झाला, काडीला गालगुंड झाल्यासारखे दिसू लागले.

आईने पाहिले. टपली मारली. दोरा फेकला मात्र नाही. गालगुंडाचा वरचा थोडा भाग उलगडून रिळावर घेतला आणि उरलेल्यावर तिने दुसराच रंग भरला. हा तिचा कायमचा शिरस्ता होता. बॉबिन संपूर्ण रिकामी करायची नाही. पांढरा हवा असला की हिरव्यावर पांढरा आणि गुलाबी हवा असला की पांढऱ्यावर गुलाबी. पुष्कळदा तर तेवढेही नाही. वर काळा, खाली जो असेल तो. माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाला आतून मोरपिशी टीप होती. मी रडलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, खालचा दोरा कोण बघतो?"

चाळीतले परकर, ब्लाउज, झबली आई शिवून द्यायची. पैसे मशीनच्या खणात, गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात पडायचे. वडील एकटे कमावते, असे घरात ठरलेले होते, त्यामुळे त्या डब्याकडे कोणी बघत नसे. माझ्या एस. एस. सी.च्या फॉर्मची फी भरायची वेळ आली तेव्हा महिनाअखेर होती. दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "व्यवस्था झाली." बहिणीच्या चष्म्याच्या वेळीही "व्यवस्था झाली." मराठीत मला बरे गुण असत, तरी या वाक्यातला कर्ता शोधायला मला फार वर्षे लागली.

महात्मा गांधींचा यंत्रांवर राग होता, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या मशीनला त्यातून सूट दिली. बायको टाका टाका शिवते आहे हे सिंगरला बघवले नाही, तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींचे मन मोठे. खऱ्या सिंगरसाहेबांनी एकाच वेळी तीन-तीन संसार थाटले होते आणि त्यांना वीसहून अधिक मुले होती. एवढ्या मुलांचे कपडे हाताने शिवणे कोणत्याही बाईला शक्य नव्हते, हे मान्य. पण त्या मशीनमध्ये प्रेम शोधायचेच असेल तर मी सिंगरचे चरित्र सोडून भरणीतला बदाम बघावा म्हणेन.

आता मूळ मुद्दा. आमच्या चाळीची मागेच तीन मजली इमारत झाली होती, आता त्या इमारतीचा टॉवर व्हायचा आहे. पुनर्विकास! कांदिवलीत हल्ली दोन ओळखीचे भेटले की "कसे आहात?" असे विचारत नाहीत, "चावी दिलीत का?" असे विचारतात. आम्हालाही तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जायचे होते आणि त्या जागेत काय न्यायचे, काय टाकायचे याची यादी आमच्या हिने केली. मशीन दुसऱ्या भागात होते. आई जाऊन पंचवीस वर्षे झाली आणि हिचे स्वतःचे विजेवर चालणारे मशीन आहे. भंगारवाला किलोवर भाव करत होता. सून म्हणाली, "बाबा, पाय ठेवू या. वर काच बसवली की मस्त टेबल होतं, कॅफेत असतात तसं." मी गप्प बसलो. माझे गप्प बसणे घरात कोणी मनावर घेत नाही, पण हिने घेतले. म्हणाली, "अहो, चालत असेल तर नेऊ. चालवून दाखवा. रविवारपर्यंत."

मी कामाला लागलो. जुन्या पट्ट्याचे वाळून पापड झाले होते. नवा चामडी पट्टा स्टेशनजवळच्या शिवणसामानाच्या दुकानात मिळाला. रबरी कडीही मिळाली. लांब बॉबिन मागितली तेव्हा मात्र दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग आपल्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले. "काका, ती यांच्या टायमाची." घरी खणात तीन बॉबिना होत्या. एक वाकडी, एक गंजून फुगलेली. तिसरी चांगली होती, पण ती शटलात होती आणि भरलेली होती. आईने ठेवली तशी.

जुना दोरा कुजलेला. ओढला की तुटे. त्यावर मशीन चालणार नव्हते. म्हणजे मशीन वाचवायचे तर ती बॉबिन रिकामी करणे भाग होते. शनिवारी रात्री मी ती हातात घेऊन बसलो. दहा वाजले. साडेदहा वाजले. ही आतून म्हणाली, "भरताय की ध्यान करताय?"

मग उलगडायला घेतली. वर पांढरा होता. उशांचे अभ्रे, शेवटी तिला सरळ टीप तेवढी जमायची. खाली मोरपिशी, म्हणजे हिचा ब्लाउज. "तो नव्हे, त्याच्या आधीचा," ही म्हणाली. ती केव्हा येऊन शेजारी बसली मला कळले नाही. तिने रिकाम्या काड्यापेटीवर दोरा गुंडाळायला घेतला. पुढे गुलाबी, नातीचा फ्रॉक. मग हिरवा, मग काळा, मग पुन्हा पांढरा. मी सोडत होतो, ती गुंडाळत होती, तुटले तर गाठ मारत होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली, पण इतका वेळ भांडण न करता एकत्र काम आम्ही पहिल्यांदाच करत असू.

शेवटी खाकी लागला. अगदी तळाशी, एका टोकाला गोळा झालेला.

"हे कोणी भरलंय असं?" सर्टिफिकीटवाली म्हणाली.

"मी," मी म्हटले. "पहिल्यांदा."

तिने जवळ घेऊन बघितले. तिचे बोट त्या फुगवट्यावरून फिरले. मी तोही सोडायला टोक धरले, तर तिने माझा हात बाजूला केला. "असू द्या तो. भरा त्याच्यावरच. खालचा दोरा कोण बघतो?"

आईचे हे वाक्य मी तिला कधी सांगितल्याचे आठवत नाही. दोघी माझ्या गैरहजेरीत काय काय बोलत, कोण जाणे.

चकती सैल केली. दोरा आठवणीने बोटात घातला. चाकाला गिरकी दिली, पायडल धरले. साठ वर्षांनंतर पाय पुन्हा एकदा चाक पलीकडे घेऊन गेले आणि रीळ कॉटखाली गेले. दुसऱ्यांदा जमले. बदाम फिरू लागला, दोरा इकडून तिकडे जाऊ लागला. खाकी फुगवटा हळूहळू पांढऱ्याखाली गेला. काडी कडेपर्यंत यायच्या आत थांबावे लागते, नाहीतर शटलात जात नाही. तेवढे भान मला राहिले. रविवारी सकाळी हिने त्या मशीनवर मशीनचेच आवरण शिवले. टीप सरळ आली.

टेम्पोवाल्याने मशीन उचलताना विचारले, "काका, हे चालतं का?" मी उत्तर देण्याआधी ही म्हणाली, "चालतं. बॉबिन भरायला आमच्याकडे माणूस आहे."

नव्या टॉवरमध्ये आमची जागा चौदाव्या मजल्यावर आहे म्हणे. पाणी चढवायला पंप असेल, माणसे चढवायला लिफ्ट असेल. माझी नेमणूक अर्थातच जुन्या खात्यात.