शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीतले मर्म असे की, शीत आणि भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. शीत ही भाताची छोटी प्रतिकृती नव्हे. ते भातच असते. थोर वस्तूची परीक्षा तिच्या लहान नमुन्यावरून करावयाची झाली, की मात्र ही म्हण तोकडी पडते.

देवासजवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या आमच्या वाचकांनी पाहिल्याच असतील. युरोपातील समुद्रावर आता त्यांहून कितीतरी प्रचंड चक्क्या उभ्या राहत आहेत. वेस्टास या डॅनिश कंपनीच्या एका चक्कीचे एकेक पाते ११५.५ मीटर लांबीचे आहे. असे पाते भिंतीसारख्या भक्कम आधारात बुंध्याशी जखडून महिनोन्‌महिने लाखो वेळा हलवतात, तेव्हा कोठे त्याची परीक्षा पुरी होते. वेळ आणि पैसा यांचा हा व्यय पाहून अभियंते लहान नमुन्यांकडे वळले. पात्याच्या कडेचा डिंकाने सांधलेला एखादा तुकडा किंवा बुंध्याशी असणाऱ्या बेअरिंगची लहान आवृत्ती आधी तपासावयाची, असा हा मार्ग आहे.

परंतु निसर्ग सर्व गोष्टी एकाच मापाने लहान करीत नाही. पाते त्याच घडणीचे ठेवून दुप्पट लांब केले, तर वारा कवेत घेणारे क्षेत्र चौपट होते, वजन आठपट होते आणि त्या वजनाने बुंध्याशी येणारे वाकविणारे आघूर्ण सोळापट होते. प्राण्याचे हाड नुसते लांब करून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाडही करावे लागते, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये इंग्लंडात टॉर्की येथे हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती असेल, तर तिचा वेग जहाजाच्या एक चतुर्थांश ठेवावा लागतो, तेव्हाच लाटा खऱ्यासारख्या उठतात.

पवनचक्कीच्या कामात असलेला आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात शाळेत आला, तेव्हा आम्ही त्यास दहावीच्या वर्गापुढे उभे केले. बेअरिंग लहान केले तरी पोलादाचे कण आणि वंगणाचा पापुद्रा काही त्या मापाने लहान होत नाहीत, हे त्याने मुलांना समजावून सांगितले. म्हणून गोळ्यांच्या स्पर्शस्थानचा दाब तोच ठेवावा लागतो. गोळीची हालचाल आणि स्पर्शाची रुंदी यांचे गुणोत्तरही तेच राखावे लागते. एका मुलीने विचारले, “सर, मग छोट्या परीक्षेत पास म्हणजे मोठ्या परीक्षेत पास का?” तो म्हणाला, “नाही. काय लहान झालं आणि काय झालं नाही, हे आधी लिहून ठेवायचं. आणि शेवटी एक तरी पातं पूर्ण तपासायचंच.”

त्याच सप्ताहात आमच्या शिक्षकसभेपुढे एक प्रस्ताव होता. छमाहीत अनुत्तीर्ण झालेल्या अकरा मुलांनी यंदा बोर्डाच्या परीक्षेस बसू नये, म्हणजे शाळेचा निकाल घसरणार नाही, असे काहींचे म्हणणे होते. त्या अकरांतील एक मुलगा सोयाबीनच्या कापणीमुळे महिनाभर वर्गात नव्हता. छमाहीने त्याच्या बुद्धीचे माप घेतले, की त्याच्या घरच्या अडचणीचे? आम्ही सभेत एवढेच म्हटले की, छमाहीचा निकाल खोटा नाही. पण त्याने काय मोजले, हे पाहिल्यावाचून त्यावरून मुलाचे वर्ष ठरवू नये. चर्चा कडक झाली, परंतु अखेर अकराही नावे कायम राहिली आणि सायंकाळी दोन तासांचा जादा वर्ग सुरू झाला. मुलगा नियमाने येतो.

त्याचे पुढे काय होईल, हे आज आम्ही सांगू शकत नाही. छोटी परीक्षा दोष कोठे आहे ते दाखविते, आणि तेवढ्यासाठी ती अवश्य घ्यावी. मात्र अंतिम निवाडा करण्याचा अधिकार पूर्ण पात्याला आणि पूर्ण वाऱ्यालाच असू द्यावा.