फळ्यावरचं वजन

दापोलीच्या एका जिमच्या दारात फळ्यावर माझं नाव आणि त्यापुढे माझं वजन लिहिलेलं पाहिलं, ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

साखर वाढली होती, गुडघे धरले होते, डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं होतं. आमच्या हर्णैत चालायला पुळण आहे, पण वाळूत गुडघे जास्तच दुखतात. जिममध्ये रोइंग मशीन होतं. बसून करायचा व्यायाम, गुडघ्यांवर अंगाचा भार नाही, म्हणून तेच धरलं.

पहिल्याच आठवड्यात सगळ्या बायकांना काट्यावर उभं केलं. मला वाटलं, वहीत नोंद होत असेल. दुसऱ्या दिवशी बघते तर दारातच यादी, जास्त वजनाची सर्वांत वर. म्हणजे मी. पुरुषांची यादी नव्हतीच. येणारा-जाणारा थांबून वाचत होता, त्यात माझ्या शाळेतल्या मुलांचे पालकही होते. पुसा म्हटलं, तर ट्रेनर म्हणाला, “मॅडम, लाज वाटली की वजन आपोआप उतरतं.” लाज वाटली की बाई जिमला येणं सोडते. दोघींनी खरंच सोडलं. त्यातली एक नुकतीच बाळंतपणातून उठली होती. तिचा आकडा चारचौघांत लावायचा अधिकार ह्यांना दिला कुणी? पैसे आम्ही भरायचे आणि मान खाली घालून आत शिरायचंही आम्हीच?

रोइंगच्या खेळातही वजन करतात. 1996 पासून 2024 च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये हलक्या वजनाचा गट होता, त्यात बायकांना 59 किलोची मर्यादा. पण ते वजन करायचं ते बरोबरीच्या अंगाची माणसं एकमेकांसमोर यावीत म्हणून, कुणाला खाली बघायला लावण्यासाठी नव्हे. आपल्या महाराष्ट्रातल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ विहिरी खणायचे. सैन्यात गेल्यावर त्यांनी वल्हं हातात धरलं आणि 2016 ला रिओत तेरावे आले. हे वाचलं आणि ठरवलं, आपण जिम सोडायचं नाही.

मामंजी तरुणपणी होडी वल्हवत. ते म्हणाले, “हातानं नाय, पाठीनं ओढायचं गो.” तसं केलं तर कंबर भरून आली. होडीतली फळी जागची हलत नाही, इथे बैठक सरकते. म्हणून मुख्य जोर पायांचा. आधी टाचा रेटायच्या, मग पाठ मागे, शेवटी हात. परतताना आधी हात, मग पाठ, मग गुडघे. पंख्याशेजारच्या लिव्हरवर 1 ते 10 आकडे असतात. दहावर ठेवलं की व्यायाम जास्त, असं समजू नये. जितकं जोरात ओढाल तितकी हवा आपोआप अडवते. आणि पडद्यावरच्या कॅलरींवर भिस्त ठेवू नये. कॉन्सेप्ट-2 च्या मशीनवर तो हिशोब सुमारे 79 किलोच्या माणसाचा असतो, समोर बसलेल्या बाईचा नसतो.

वजन फारसं उतरलं नाही. साखर मात्र उतरली, आणि शाळेचा जिना आता न थांबता चढते. त्यामुळे मी सगळ्यांना सांगते, काट्याच्या नादी लागू नका. असं म्हणते खरी, पण दर सोमवारी चहाआधी मीच घरच्या काट्यावर उभी राहते, आणि पाव किलो कमी दिसलं की दिवसभर बरं वाटतं. नजर ठेवावीच, पण आपली आपण. जून-जुलैत मासेमारी बंद, घरात खारवलेली सुकी मासळी. त्या मिठानं अंगात पाणी धरतं आणि किलोभर सहज वाढतं. ती चरबी नव्हे. चार आठवडे धरून बघावं, एका सकाळच्या आकड्यावरून ठरवू नये.

आता जाऊबाईही येणार म्हणतात. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्यात: लिव्हर चारच्या वर नेऊ नका, आणि वजन विचारलं तर नाही म्हणा.