समुद्रपुष्पाची शुश्रूषा

इतिहासाच्या शिक्षकाने समुद्रपुष्पाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु जखमी जीव सावरताना काय करावे आणि त्याहूनही काय करू नये, हे गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी मी जवळून पाहिले; म्हणून हा लेखनप्रपंच.

सी ॲनिमोन या नावाने ओळखला जाणारा हा जीव दिसतो फुलासारखा, पण आहे प्राणी. त्याला हाडे नाहीत, मेंदू नाही. चकतीसारख्या पायाने तो खडकाला धरून राहतो आणि तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या मऊ तंतूंनी भक्ष्य पकडतो. माझी कन्या प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपुरात तिने खाऱ्या पाण्याची तीनशे लिटरची टाकी सांभाळली आहे. तीत खडक, क्लाऊनफिशची एक जोडी आणि हे समुद्रपुष्प.

एका रात्री वादळामुळे वीज गेली. पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप थांबला, तेव्हा समुद्रपुष्प सरकत सरकत त्याच्या जाळीवर जाऊन बसले. पहाटे वीज आली आणि ते आत ओढले गेले.

कन्येने प्रथम पंप बंद केला. ओढाताण केली असती, तर उरलेले शरीरही फाटले असते. म्हणून ते आपणहून सैल होईपर्यंत ती थांबली. तासाभराने सुटले, तेव्हा एका बाजूचे तंतू तुटले होते, तोंड उघडे पडले होते. मात्र पाय शाबूत होता. आशा तेवढीच होती. भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, गुळगुळीत दगडावर, तिने ते टाकीतच मंद प्रवाहात ठेवले, म्हणजे माशांनी अंग घासू नये. अमोनिया तपासला, क्षारता व तापमान जुळवून थोडे पाणी बदलले आणि पंपाला स्पंजचे आवरण घातले.

धोका एकट्या समुद्रपुष्पाला नव्हता. ते मेले की झपाट्याने कुजते आणि त्या पाण्यात मासेही दगावू शकतात. म्हणून रोज सकाळी ती डब्यावर वाकून वास घेई. दुर्गंधी आली, अंग विरघळू लागले, तर ते तत्काळ बाहेर काढायचे, असे ठरले होते.

माझ्या आईने भूक जवळून पाहिलेली. तिला हे पटेना. "अगं, उपाशीपोटी कोणी बरं होतं का?"

"आजी, आधी त्याचं तोंड मिटू दे. आत्ता दिलेला घास आतच कुजेल." मग तिने समजावले, की त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा त्याला देते. तूर्त नेमाने मिळणारा प्रकाश हेच त्याचे जेवण.

नवव्या दिवशी तोंड मिटले. बाराव्या दिवशी आईने स्वतः कोळंबीचा मुगाएवढा तुकडा काढून दिला. तंतूंनी तो धरला आणि सावकाश तोंडाशी नेला. "आता जगतं हे," आई म्हणाली. दीड महिन्यात तुटलेल्या जागी नवे तंतू फुटले. आखूड, फिकट, पण स्पर्श ओळखणारे.

इतिहासातही या जिवाची एक आजी आहे. १८२८ मध्ये सर जॉन डॅलियल या अभ्यासकाने स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणले. १८५१ मध्ये डॅलियल वारले. पण ते एका जाणत्या हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आणि १८८७ पर्यंत जगले. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत. समुद्राचे ताजे पाणी आणि खंड न पडलेली देखभाल, एवढ्यावर त्याने आपल्या पहिल्या पालकामागे छत्तीस वर्षे काढली.

दर जूनमध्ये वसतिगृहात पाचवीची नवी मुले येतात. काही जण आठवडाभर कोपऱ्यात अंग चोरून बसतात, ताटाला हात लावत नाहीत. जाणता गृहपाल त्यांना ओढून पंगतीत बसवीत नाही. तो घंटा वेळेवर देतो, दिवा वेळेवर लावतो, त्रास देणाऱ्या मोठ्या मुलांना दूर ठेवतो आणि ताट झाकून ठेवतो. मग एके दिवशी मूल आपणहून हात पुढे करते. हे ज्यांनी आपल्यासाठी केले, त्यांची नावे माजी विद्यार्थ्यांना आजही पाठ आहेत. यंदाच्या जूनमध्ये आलेल्या मुलांसाठी ते ताट आता आपण झाकून ठेवायचे आहे.