चिमणीला दात

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. आठवीतल्या एका मुलाने तापमानवाढीवर पोस्टर केलं होतं. मधोमध घामाने डबडबलेली पृथ्वी, तिच्या तोंडात थर्मामीटर आणि शेजारी वीज केंद्राची उंच चिमणी. चिमणीला लाल डोळे होते आणि वरच्या तोंडाला मोठे मोठे सुळे. चित्र खरोखर छान होतं. मी विज्ञान शिकवते, परीक्षकांत मीही होते. आम्ही त्याला पहिलं बक्षीस दिलं आणि मी कौतुकाने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर काहीही आलं तरी बाबा हात जोडल्याचं चिन्ह टाकतात. कुणाचा वाढदिवस असो की कुणाचं निधन. या फोटोखाली मात्र त्यांचं काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ते सगळं ठीक आहे बाई, पण त्या चिमणीले दात कायले लावले?"

मी हसले. ते हसले नाहीत.

बाबा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षं नोकरीला होते, कोळसा हाताळणी विभागात. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, बाबा १९८५ साली लागले. मालगाडी आली की तिचा एकेक डबा एक यंत्र कवेत घेतं आणि अख्खाच्या अख्खा उलटा करतं. तो कोळसा पट्ट्यांवरून क्रशरमध्ये, तिथून पुढे गिरणीत जातो, आणि तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक होऊन बॉयलरमध्ये फुंकला जातो. पट्टा थांबला की बाबांचा जीव थांबायचा. रात्री दोनला निरोप आला तरी ते उठून जायचे. आई त्यांच्या शर्टाची कॉलर वेगळी भिजत घालायची आणि बादलीतलं पाणी शाईसारखं व्हायचं. माझी शाळेची फी, ताईचं लग्न, घरावरचा स्लॅब, सगळं त्या काळ्या पाण्यातून आलं. मी बी.एस्सी. झाले तीही त्यातूनच. तिथेच मी पहिल्यांदा नीट शिकले की कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते.

शाळेत आम्ही 'हरितगृह परिणाम' पाठ केला होता. दोन गुणांची व्याख्या आणि एका गुणाची आकृती. आकृतीत काचेचं घर काढायचं, आत झाड काढायचं आणि बाहेर सूर्य. चंद्रपुरात आमच्यापैकी कुणीच काचेचं घर पाहिलेलं नव्हतं. बाईंनीही पाहिलं नसावं. पुढे कळलं की ते नावही थोडं फसवं आहे. काचेच्या घरातली ऊब मुख्यतः टिकते ती तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून. पृथ्वीचं तसं नाही. पण नाव पडलं ते पडलं.

मे महिन्यात मी घरी गेले. नवतपा सुरू होता. विदर्भातल्या माणसाला हे नऊ दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. संध्याकाळी सातला नळाला हात लावला तर चटका बसत होता. रात्री जेवणं झाली आणि लाईट गेली. कूलर बंद पडला तसे आम्ही दोघे चटई घेऊन गच्चीवर गेलो. लहानपणी मे महिनाभर आम्ही गच्चीवरच झोपायचो. पहाटे तीनच्या सुमाराला आई चादर पांघरून जायची, हे मला पक्कं आठवतं. या वेळी चादर वर नेलीच नव्हती.

अंधारात बाबाच म्हणाले, "हं, सांग आता. त्या चिमणीचा गुन्हा काय?"

मी गोधडीपासून सुरुवात केली. गोधडी स्वतः गरम नसते, तिच्यात विस्तव नसतो. अंगातली ऊब बाहेर पडते, ती गोधडी अडवून धरते, एवढंच. पृथ्वीचंही तसंच आहे. सूर्याचा उजेड हवेतून बराचसा सरळ खाली येतो. जमीन तापते आणि ती उष्णता ती न दिसणाऱ्या किरणांनी वर परत पाठवत राहते. आत्ता ही गच्ची पाठवते आहे तशी. कोरड्या हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हे दोघे त्या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते थोडेसे बाकीचे: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. ते ती उष्णता शोषतात आणि पुन्हा चहूकडे फेकतात, त्यातली काही परत खाली येते. हे वायू हवेत नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. आहेत म्हणून ते साधारण १५ अंश आहे.

"म्हणजे गोधडी पाहिजेच."

"पाहिजेच. पण एक पांघरलेली असताना अंगावर दुसरी टाकली तर?"

बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही राख मोजत होतो." आपल्याकडच्या कोळशात राख फार, शंभर किलोत पस्तीस-चाळीस किलो. ती हवेत जाऊ नये म्हणून चिमणीच्या आधी विजेच्या पट्ट्यांचं यंत्र असतं. त्याने शंभरातले नव्याण्णव कण धरावेत अशी अपेक्षा असते. धरलेली राख सिमेंटला जाते, विटांना जाते. "राखेचा पूर्ण हिशोब असते," बाबा म्हणाले.

"आणि बाकीचा कोळसा?"

"तो जळून जाते."

"जळून कुठं जाते?"

बाबा आकाशाकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नव्हता. जळून गेलं म्हणजे संपलं, असंच आपण धरतो. जळून खाक झालं, असं म्हणतो. खाक म्हणजे राखच, म्हणजे भाषासुद्धा फक्त राखेचाच हिशोब ठेवते.

मग मोबाइलच्या उजेडात मी जमाखर्च मांडला. कार्बनच्या दर १२ किलोला जळताना हवेतला ३२ किलो ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या राखेच्या कोळशातही एक टन जाळला तर दीड टनाच्या आसपास वायू बाहेर पडतो. बाबांना हे पटेना. "टाकला त्याच्यापेक्षा निघाला जास्त? असं कसं होईल?" मी पुन्हा सांगितलं, की त्या वायूच्या वजनातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हवेतून घेतलेला आहे. २१० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ५० लाख युनिट वीज होते. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो वायू, म्हणजे एका संचातून रोज पाच हजार टन. बाबांच्या हिशोबात एका संचाला दिवसाला एक मालगाडी लागायची. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज एक मालगाडी यायची. पण रोज तशाच दीड मालगाड्या वर निघून जात होत्या आणि त्या कुणालाच दिसत नव्हत्या. राखेला रंग होता, ती कपड्यांवर दिसायची, म्हणून तिच्यासाठी यंत्र बसलं. या वायूला रंग नाही, वास नाही. चिमणीतून पांढरं-करडं दिसतं ते हा वायू नव्हेच.

"म्हणून चंद्रपूर तापते?" बाबांनी विचारलं.

हे गावात सगळेच म्हणतात, आणि ते तसं नाही हे सांगणं मला भागच होतं. चंद्रपूर समुद्रापासून लांब आहे. एप्रिल-मे मध्ये इथली जमीन कोरडी असते, वाऱ्याला ओल नसते. वीज केंद्र नव्हतं तेव्हाही इथला उन्हाळा कडकच होता. आपल्या चिमणीतला वायू आपल्या गावावर बसून राहत नाही. वर्षभरात तो साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. आपली मालगाडी नॉर्वेच्याही डोक्यावर असते आणि अमेरिकेतल्या मोटारींचा धूर आपल्या गच्चीवर. वरचा दीड-एक अंश त्या सगळ्यांचा मिळून आहे. पण मुळातच पंचेचाळीसला असलेल्या गावाला तो दीड अंश वेगळा लागतो. आणि तो रात्री जास्त जाणवतो, कारण ही गोधडी सूर्य मावळल्यावरही अंगावरून निघत नाही. आमच्या गच्चीवरची पहाटेची चादर गेली ती सगळी याच कारणाने, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आजूबाजूला सिमेंटही खूप वाढलं आहे. पण गोधडीचाही त्यात वाटा आहे.

"पावसाने धुऊन जात नाही?"

नाही. अर्ध्याच्या आसपास समुद्र आणि झाडंझुडपं शोषून घेतात, बाकीचा वर राहतो. त्यातला काही भाग हजारो वर्षं राहतो. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगने १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेले. बाबा नोकरीला लागले त्या वर्षी जाळलेल्या कोळशातला वायू अजून वर आहे. बाबा निवृत्त झाले, तो झाला नाही. हे मी मोठ्याने म्हणाले नाही.

"हे कुणाले माहीत नव्हतं का तेव्हा?"

या प्रश्नाची मला भीती होती. माहीत होतं. १८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त गरम असेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. तीन वर्षांनी जॉन टिंडलने कोणता वायू उष्णतेचे किरण अडवतो हे उपकरणं मांडून मोजायला घेतलं. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हाताने हिशोब केला. आकडा आजच्या अंदाजापेक्षा जास्त आला, पण दिशा बरोबर होती. थंड देशातल्या त्या माणसाला ही ऊब पुढच्या पिढ्यांच्या भल्याचीच वाटली होती. म्हणजे आपला पहिला संच सुरू झाला तेव्हा ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी होती. ती बाबांच्या पट्ट्यापर्यंत पोचली नव्हती, एवढंच.

मग मी दुसरी बाजू सांगायला लागले. तीही खरी आहे. एका भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण दोन टन हा वायू येतो, अमेरिकन माणसाच्या वाट्याला चौदा-पंधरा. आजवर जगाने हवेत सोडलेल्या एकूण वायूत आपला वाटा आपल्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत कोळसा टप्प्याटप्प्याने 'बंद' करायचा की 'कमी' करायचा, यावर शेवटच्या क्षणापर्यंत ओढाताण झाली आणि भारताच्या आग्रहावरून 'कमी' हा शब्द आला...

बाबांनी मला थांबवलं. "ते मोठ्या लोकांचं राहू दे. मी चिमणीचं विचारून राहिलो."

आणि त्यांनी दुसऱ्याच चिमणीची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात वीज नव्हती. रॉकेलची चिमणी लावून ते मॅट्रिकचा अभ्यास करायचे. सकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. एकदा डुलकी लागली आणि पुढचे केस जळाले. गावात खांब आले तेव्हा त्यांची आई विजेच्या बल्बला हात जोडून उभी राहिली होती. "मी नोकरीले लागलो तेव्हा असं वाटे," ते म्हणाले, "का आपण पट्टा चालू ठेवला तर कुठं तरी कोणाची तरी चिमणी विझते."

मला तेव्हा ते पोस्टर आठवलं आणि लाज वाटली. विज्ञान चुकीचं नव्हतं. त्या मुलाने लिहिलेला एकेक शब्द बरोबर होता आणि मी आजही त्याला तेवढेच गुण देईन. बाबांना त्या रात्री मी जे सांगितलं त्यातलंही काही मी मागे घेणार नाही. बाबांचा हेतू चांगला होता म्हणून कार्बनचा एक कणही कमी उष्णता अडवत नाही. पण दात काढले की चिमणी परकी होते. ती कुणाची तरी होते, आपली राहत नाही. आणि मग तिच्याकडे बोट दाखवून आपण एसी सोळावर ठेवून झोपू शकतो.

लाईट आली. खालून कूलरची घरघर ऐकू आली. बाबा उठले नाहीत. म्हणाले, "बिल बघ बरं या महिन्याचं, तुझ्या हिशोबाने."

तीनशेच्या वर युनिट होते. आता जाळ्यात सौर, पवन आणि पाण्याचीही वीज मिसळलेली असते, त्यामुळे देशभराची सरासरी धरली तर युनिटमागे एक किलो नाही, साधारण पाऊण किलो. मी गुणाकार केला. दोन क्विंटलांहून जास्त. बाबा शेतकऱ्याचे पोर, त्यांना क्विंटल लगेच कळतो. त्यांनी मनातल्या मनात पोती मोजली असावीत.

"एका महिन्यात?"

"एका महिन्यात."

"दोन माणसांच्या घरातून?"

"हो."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोराच्या चित्रात वायर नव्हती. चिमणी होती, पृथ्वी होती. वायर कुठं जाते, ते नव्हतं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तो मुलगा आता नववीत आहे. मी त्याला बोलावून बाबांची दुरुस्ती सांगितली. दात असू देत की काढू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते तू ठरव, पण आधी घरचं विजेचं बिल घेऊन ये. बाबांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, छतावर पॅनेल बसवणाऱ्या एका माणसाला त्यांनी गच्ची दाखवली आहे, तो पुढच्या आठवड्यात दर कळवणार आहे. मग त्यांनी मला विचारलं, रात्री त्याचा काही उपयोग असतो का. मी म्हटलं, रात्री नाही, रात्रीची वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे.

"हाओ," बाबा म्हणाले. "म्हणजे पट्टा चालूच आहे."