सारवलेल्या भुईचा वास

पहाटे कधी पावसाची सर शिंपडून गेली, की आठव्या मजल्यावरच्या माझ्या गुळगुळीत फरशीच्या घरातसुद्धा, कुठून कोण जाणे, सारवलेल्या भुईचा वास येतो. शेणाचा, मातीचा, थोडासा ओलसर बांबूचा. डोळे मिटले की मी सेवाग्रामला असतो, गांधीजींच्या आश्रमातल्या आदिनिवासात, अर्ध्या चड्डीतला, आबाजींच्या कुशीला टेकलेला.

वर्ध्याला आबाजींची कापसाची अडत होती. पांढऱ्या खोळीची गादी, मागे लोड, पुढे गल्ल्याची पेटी. त्या गादीला पाय लावायची आम्हां पोरांना बंदी. पण रविवारी सायकलच्या दांडीवर मला बसवून ते सेवाग्रामला आणत आणि आत शिरताच म्हणत, "बस ना बे खाली. इथं काय चटई लागते?" मग गुडघे सावरत, धोतर आवरत स्वतः बसायचे आणि उजवा तळहात भुईवरून हळूहळू फिरवायचे. कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगणारी ती बोटं भुईत काय चाचपत होती, हे मला तेव्हा कळत नसे.

"ही शेठजींची जमीन," एवढंच ते म्हणायचे. शेठजी म्हणजे जमनालाल बजाज. आबाजी ते नाव असं घेत, की जणू शेजारच्या पेढीवरचाच कुणी माणूस.

राजस्थानातल्या सीकरकडून वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घरी नातू म्हणून दत्तक आलेला तो मुलगा. सतराव्या वर्षी दागिने घालण्यावरून आजोबांशी बिनसलं, तेव्हा सगळ्या इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचं पत्र लिहून तो घराबाहेर पडला. आजोबांनी समजूत काढून परत आणलं; पण ते पत्र काही त्याच्या मनातून फाटलं नाही. पुढे पेढी वाढली, रायबहादुरकी आली आणि असहकाराच्या लाटेत ती परतही गेली. 1920 च्या नागपूर काँग्रेसचा हा स्वागताध्यक्ष गांधीजींकडे मागून मागून काय मागतो, तर मला तुमचा पाचवा मुलगा माना. 1928 मध्ये वर्ध्यातलं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांना खुलं केलं. आणि 30 एप्रिल 1936 ला बापू राहायला आले ते त्यांच्याच मालगुजारीतल्या शेगावात. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं.

व्यापाऱ्यानं लोकांच्या कामात पडायचं म्हणजे गादीवरून उठून खुर्चीवर बसायचं, अशी आपली समजूत. आणि काहींना ती खुर्ची शोभलीही. कराचीचे जमशेद नसरवानजी मेहता 1922 पासून नगरपालिकेचे अध्यक्ष होते, 1933 मध्ये त्या शहराचे पहिले महापौर झाले. कराचीनं त्यांना आपलं मानलं. जमनालालजींनाही काँग्रेसची तिजोरी वर्षानुवर्षं सांभाळावी लागलीच. पण शेवटी शेठजी पोचले ते वर्ध्याजवळच्या गोपुरीत, गवताच्या झोपडीत, गाईंच्या हंबरण्यात. 11 फेब्रुवारी 1942 ला ते गेले. गादीवरून उठलेला माणूस भुईपर्यंत आला होता.

आबाजींनाही लोक म्हणत, नगरपालिकेला उभे राहा. ते हसायचे, पानाला चुना लावायचे. तो विषय तिथंच विरायचा.

शेवटची फेरी आठवते. गुडघे पार गेले होते. रिक्षातून उतरवून आम्ही त्यांना आत नेलं, तेव्हा कुणी तरी भल्या मनानं खुर्ची आणून ठेवली. आबाजी बसले, अवघडून, परक्या घरी बसावं तसे. भिंतीच्या कुडातून उन्हाच्या तिरप्या रेघा भुईवर उतरल्या होत्या. भुई नुकतीच सारवली होती, अजून जरा ओली. त्यांनी हात खाली नेला. पोचेना.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, तळहात भुईवर टेकवला, चांगला दाबून. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, नाकापाशी नेला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिले.