समोरची चाके

तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या यंत्रात नाक खुपसू नये, असे आमचे अनेक वर्षे मत होते. गेल्या वर्षी ते मत आम्ही मोडले आणि त्याचा दंड दुसऱ्याच एका माणसाने भरला. ती हकीकत सांगितल्यावाचून आमच्या मनाला स्वस्थता नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मेव्हण्यांची काटोलजवळ संत्र्यांची बाग आहे आणि बागेच्या कामासाठी त्यांनी एक जुना लहानसा ट्रक घेतला आहे. त्याचा मोठा गुण हा की, गरज पडल्यास त्याची चारही चाके ओढू लागतात. विदर्भातील पांदण रस्ता ज्याने पावसाळ्यात तुडविला असेल त्याला या गुणाची किंमत सांगावयास नको. साध्या ट्रकमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांनाच मिळतो, आणि डिफरन्शियलची घडण अशी की, ज्या चाकाला विरोध कमी तेच आधी फिरते. चिखलातले चाक गरगरत राहते. कोरड्यावरचे जागचे हलत नाही. अशा वेळी समोरच्या चाकांनी हात दिला तरच गाडी निघते. दुसऱ्या महायुद्धात जीपगाडीने नाव कमावले ते याच गुणावर, आणि पुढे मुंबईच्या महिंद्रांनी विलीस जीप जुळविण्यास प्रारंभ केल्यावर हा गुण आपल्याकडेही ओळखीचा होत गेला.

पोळ्याचा दिवस होता. बागेतली पूजा आटोपून आम्ही सर्वजण ट्रकमधून गावाकडे परतत होतो. दुपारभर पाऊस कोसळला होता आणि पांदणीतल्या काळ्या मातीचा लगदा झाला होता. अर्ध्या वाटेवर मागचे चाक रुतले. चालकाने समोरच्या चाकांचा दांडा टाकला, दिवाही लागला. परंतु ती चाके ढिम्म राहिली. जवळच गड्यांची वस्ती होती, बैलही होते; पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नसते. गड्यांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. अखेर आमच्या वृद्ध सासूबाईंना खाटेवर बसवून चौघांनी भर पावसात घरी नेले. त्या आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ट्रक ओढून काढला आणि नागपूरच्या एका कारखान्यात नेला. तेथील गृहस्थाने वाकून पाहण्याचेही कष्ट न घेता निदान केले: "आतले दात गेले. चालविणाऱ्याने हयगय केली असणार." खर्चाचा आकडा लाखाच्या घरात होता. मेव्हणे हवालदिल झाले. "भाऊजी, तुमचा तर हा विषयच आहे. तुम्हीच सांगा, दोष कोणाचा?" असे त्यांनी आम्हांला विचारले.

चालक हा विशी-बाविशीचा मुलगा. तो एवढेच म्हणाला, "सर, दांडा बराबर पडते जी, दिवा बी लागते. पण समोरचे चाक जोरच नाही लावून राह्यले." आषाढात त्याच्या हातून ट्रक नाल्यातल्या दगडावर आपटला होता, हे आम्हांला ठाऊक होते. आधी दगड, नंतर बिघाड. म्हणजे दगडामुळे बिघाड! आम्ही निवाडा दिला आणि मुलाची नोकरी गेली.

दुरुस्तीला पैसा नव्हता, म्हणून ट्रक दिवाळीपर्यंत पडून राहिला. पुढे कोणीतरी कामठी रोडवरील एका वृद्ध उस्तादांचे नाव सुचविले. आम्ही त्यांना लाखाचे निदान ऐकविले, तेव्हा ते हसून म्हणाले, "महाग दवा मंग पाहू, सर. पयले सस्ती पाहू."

त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, समोरचे एक चाक जॅकवर उचलले, इंजिन चालू करून दांडा टाकला आणि दिवा लागल्याची खात्री करून घेतली. मग ते उचललेले चाक हाताने फिरविले. जोडणी पुरी असती तर ते चाक हटून बसले असते. ते भोवऱ्यासारखे मोकळे फिरले आणि आतला शाफ्ट मात्र स्थिर राहिला. म्हणजे चाक आणि शाफ्ट यांची गाठ हबमध्येच पडत नव्हती. ही गाठ इंजिनाकडून येणाऱ्या वाऱ्याच्या ओढीने, व्हॅक्यूमने, पडावयाची असते आणि ती ओढ रबराच्या एका बारीक नळीतून येते. उस्तादांनी ती नळी काढली, एक टोक अंगठ्याने दाबून दुसऱ्या टोकाने वारा ओढून पाहिला आणि नळी आमच्या हाती दिली. क्लिपेखाली केसाएवढी चीर होती.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीस अंशांना टेकतो. त्यातून इंजिनाची धग. रबर कडक होऊन तडकणारच. "मयन्यातून एकदा मऊ जमिनीवर चारी चाकं लावून थोडी गाडी चालवत जा," उस्ताद म्हणाले, "काम नसलं का चांगली वस्तूबी जाम होते." नव्या नळीचे आणि मजुरीचे मिळून त्यांनी अडीचशे रुपये घेतले.

कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे मानू नये, हा काकतालीय न्याय आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो. परीक्षेत चुकणाऱ्याचे गुण कापीत आलो. आणि प्रत्यक्षात एका गरीब मुलाचे पोट आमच्या हाती आले, तेव्हा एक चाक उचलून पाहण्याचेही आम्हांला सुचले नाही. त्याने तर खरी खूण त्याच दिवशी सांगितली होती. आमचे लक्ष त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या वयाकडे आणि आषाढातल्या दगडाकडे होते.

पुढच्या रविवारी मेव्हण्यांना घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जात होता. मेव्हण्यांनी परत बोलाविले. आम्ही क्षमा मागितली. त्याच्या आईने चहा ठेवला. मुलगा बराच वेळ खाली पाहत होता. मग त्याने विचारले, "नळी कुठं तडकली होती जी?"

"क्लिपेखाली," आम्ही म्हणालो.

"म्हणजे दांडा बराबरच पडत होता," तो म्हणाला, आणि प्रथमच आमच्याकडे पाहिले.

नोकरीविषयी विचार करून सांगतो, एवढेच त्याने मेव्हण्यांना उत्तर दिले. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि त्याला घाई करण्याचा अधिकार आम्हांला नाही.